मतदारानं पक्ष बदलला तर?

“बाई, आमदारानं पक्ष बदलला की सगळे त्याला नावं ठेवतात. मग मतदारानं पक्ष बदलला तर त्याला काय म्हणायचं?”

दहावीच्या वर्गात राज्यशास्त्राचा तास चालू होता आणि धडा होता राजकीय पक्षांचा. पेणजवळच्या एका शाळेत मी आठवड्यातून चार दिवस अर्धवेळ शिकवते. प्रश्न विचारणारी मुलगी मागच्या बाकावरची, एरवी तोंडातून चकार शब्द न काढणारी. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घंटा झाली. खरं सांगू? घंटा झाली म्हणून मला हायसंच वाटलं. कारण उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं.

घरी आले, कुकर लावला, आमटीला फोडणी दिली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. पंधरा-सोळा वर्षं मी मत देते आहे. एवढ्या काळात माझं मत एका जागी राहिलेलं नाही. मग मी कोण? चंचल? की शहाणी? मैत्रिणींनो, त्याचा छडा लावायचा तर मला माझ्या आजीपासूनच सुरुवात करायला हवी.

माझं माहेर अलिबाग तालुक्यातलं. आमच्या भागात राजकारण शेतातून घरात आलं. १९३३ साली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. शेतं पडीक ठेवली, उपास काढले, पण खोताची जमीन कसली नाही. सहा-सात वर्षं हा संप चालला. आजोबांचे वडील त्या संपात होते. पुढे १९४७ साली शेतकरी कामगार पक्ष निघाला तेव्हा आजोबा त्यात गेले ते कायमचेच. कूळकायद्यानं नावावर झालेली जमीन आणि दारावरचा लाल बावटा, या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकच होत्या. काँग्रेस म्हणजे त्यांच्या मते खोतांचा पक्ष. हे त्यांनी आम्हां नातवंडांना पाढ्यांबरोबर शिकवलं.

आजीनं पहिलं मत दिलं ते १९५२ साली. तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. आजीला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण चित्र ओळखता येत होतं. त्या निवडणुकीच्या याद्या करताना उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं, आणि त्यामुळे देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. आजीचं नाव मात्र यादीत होतं. “सरकारनं माझं नाव मोठ्यांदा वाचलं,” असं ती म्हातारपणीही कौतुकानं सांगायची. एरवी तिला नावानं हाक मारणारं घरात होतं कोण?

त्या पहिल्या निवडणुकीत आमच्या कुलाब्यातून निवडून आले काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. ते देशाचे अर्थमंत्री होते. पण १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं दिसताच त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५७ ला सगळा जिल्हा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मागे उभा राहिला. म्हणजे पाहा, पाच वर्षांपूर्वी ज्यांनी बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी टाकली होती, त्यांतल्या कितीतरी लोकांनी पाचच वर्षांत मत बदललं. त्यांना कुणी चंचल म्हटलं नाही. उलट त्याच मतांमुळे १ मे १९६० चा दिवस उजाडला असं आपण अभिमानानं सांगतो.

आमच्या घरी पक्ष म्हणजे कुळाचार. बदलायचा प्रश्नच नव्हता. निवडणुकीच्या आदल्या रात्री आजोबा ओटीवर बसून सांगायचे, “उद्या सगळ्यांनी खटाऱ्यावर.” बायका आतून ‘हो’ म्हणायच्या. १९८४ च्या डिसेंबरात, इंदिराबाईंच्या हत्येनंतर, देशभर काँग्रेसच्या चारशेहून अधिक जागा आल्या, पण आमच्या कुलाब्यानं शेकापचे दि. बा. पाटील निवडून दिले. आजोबांनी गावभर पेढे वाटले. पेढ्यांचं ताट आजीच्याच हातात होतं, असं आई सांगते.

आता गंमत ऐका. २००९ साली माझं पहिलं मत होतं. आदल्या रात्री मी आजीजवळ झोपले होते. आजोबा जाऊन आठ वर्षं झाली होती. मी विचारलं, “आजी, तू जन्मभर खटाराच ना?” ती अंधारात बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कुणाला सांगू नको. चौऱ्याऐंशीपासून मी हातावर मारत आले.”

मी ताडकन उठून बसले! कारण विचारलं तेव्हा तिनं तिच्या धाकट्या बहिणीचं नाव घेतलं. ही बहीण ऐन तिशीत विधवा झाली. मूलबाळ नाही, दीर-जावांनी घराबाहेर काढलेलं. १९८० साली आमच्याच जिल्ह्याचे अंतुले मुख्यमंत्री झाले आणि निराधारांसाठी संजय गांधींच्या नावानं अनुदान योजना सुरू झाली. तिला दरमहा थोडे पैसे मिळू लागले. “थोडेच होते गं. पण ते आल्यापासून ती कुणाच्या दारात उभी राहिली नाही. तुझे आजोबा म्हणायचे ते खोत-बीत सगळं खरं. पण माझ्या बहिणीला जगवलं कुणी, हे मी नको का बघायला?”

“मग आजोबांना का नाही सांगितलंस?”

“ते दुखावले असते. आणि मत काय दाखवायची गोष्ट आहे?”

चौऱ्याऐंशीचे ते पेढे आठवून मला हसू आलं आणि नंतर डोळ्यांत पाणी. एका घरात, एका ओटीवर, पंचवीस वर्षं एक बाई ‘हो’ म्हणत राहिली आणि पडद्याआड स्वतःचं ठरवत राहिली. तिला तेवढी एकच जागा होती, जिथे तिच्याबरोबर दुसरं कुणी येऊ शकत नव्हतं.

आजीनं लपवून केलं ते माझ्या वडिलांनी उघडपणे केलं, आणि त्याची किंमत घरानं मोजली. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते एस.टी.त कंडक्टर होते. १९८९-९० च्या सुमारास त्यांच्या खात्यातली तरुण मंडळी शिवसेनेत जाऊ लागली, दादाही गेले. १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या दिवशी दादांनी दारात भगवा लावला, तोही लाल बावट्याच्या शेजारी. आजोबा काही बोलले नाहीत. नुसतं ताट उचलून मागच्या पडवीत जेवायला बसले. त्यानंतर दीड वर्ष बाप-लेकाचं बोलणं नव्हतं. “त्यांना सांग, बियाणं आणायचंय,” “त्यांना सांगा, आणलंय,” असे निरोप आई पोचवायची. एका घरातली दोन माणसं, दोघंही सज्जन, दोघंही कष्टाळू, आणि मध्ये दोन झेंडे. त्या वयात मी मनाशी ठरवलं होतं की मोठी झाल्यावर राजकारणाचं नावसुद्धा काढायचं नाही.

पण ठरवलेलं राहतं का कधी?

कॉलेजात असताना मला आजोबांचा पक्ष म्हणजे म्हाताऱ्यांचा पक्ष वाटायचा. तीच भाषणं, तीच धोतरं. मग आमच्या भागात एका मोठ्या उद्योगसमूहाच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, त्या ‘सेझ’साठी, जमिनी घेण्याचं घाटलं. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांवर पाळी आली. एन. डी. पाटील सर तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ते उन्हातान्हात सभा घेत होते आणि त्यांच्यासोबत वेगवेगळ्या संघटनांच्या बाया-बापड्या. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांची मतं घेण्यात आली. जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. आईची मावशी त्यांतल्याच एका गावातली. ती अंगठा उठवून आली आणि म्हणाली, “खुर्चीसाठी पुष्कळदा मत दिलं. आज माझ्या बांधासाठी दिलं.” त्या दिवशी आजोबांच्या लाल बावट्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. तो कळायला आजोबा मात्र उरले नव्हते. आणि २०१९ च्या विधानसभेत सबंध रायगड जिल्ह्यातून शेकापचा एकही आमदार आला नाही, तेव्हा त्यांचे विरोधक असलेले माझे दादासुद्धा दिवसभर गप्प होते.

माझ्या स्वतःच्या मतांबद्दल मात्र मी इथे चिन्हं सांगणार नाही. जे गेले त्यांची गोष्ट सांगितली. जिवंत माणसांचं मत त्यांच्यापाशीच राहू द्यावं, ही आजीची शिकवण. एवढं सांगते की पहिलं मत मी भाषणांवर भाळून दिलं. वक्ता बोलायचा छान, आणि मी विशीतली. दुसऱ्या वेळी, २०१४ ला, लग्न होऊन सासरी आलेली. सगळ्या देशात एकच वारं होतं आणि घरातही तेच. आमचे हे म्हणाले, “आपली चारही मतं एकीकडेच ना?” मी ‘हो’ म्हटलं. अगदी आजीसारखं! आत जाऊन काय केलं ते माझं मला माहीत. पण बाहेर आल्यावर मनाला टोचत राहिलं. १९५२ ची आजी ‘हो’ म्हणून गप्प बसली, तिला इलाज नव्हता. मी बी.ए. झालेली, मुलांना राज्यघटना शिकवणारी. मी का गप्प बसावं?

त्या निवडणुकीत आमच्या रायगडातला निकाल अवघ्या दोन हजार एकशे दहा मतांनी लागला. रात्री जेवताना मी ह्यांना म्हटलं, “माझं मत तुमच्यासारखंच असेल असं धरून चालू नका हं. असेलही, नसेलही.” ते हसले. मग थोडे गंभीर झाले. “मला सांगणार नाहीस?” “विचारणार नसाल तर कधीतरी सांगेन,” मी म्हटलं. दोन दिवस घरात जरा चुळबुळ होती, नाही असं नाही. पण भांडण झालं नाही. आज आम्ही दोघं निवडणुकीवर तावातावानं बोलतो, आणि मतदानाच्या दिवशी एकमेकांना विचारत नाही.

सासर खारेपाटातलं. भाताची शेती आणि पाण्याचे हाल. धरण तालुक्यात, त्याचं पाणी जातं नवी मुंबईकडे, आणि आमच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे मांडून बसायच्या. दर निवडणुकीला पाण्याचं आश्वासन मिळालं. ते न दिलेला पक्षच मला आठवत नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षं मामंजी सांगतील तिथे मत दिलं. एकदा टँकर तीन दिवस आला नाही, त्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, “वाण्यानं दोनदा माप मारलं की आपण दुकान बदलतो. हे चाळीस वर्षं माप मारतात, आणि आपण उधारीवर मत देतोच आहोत!” मैत्रिणींनो, मी दोन वर्षं राज्यशास्त्राच्या टाचणवह्या लिहिल्या, पण इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नव्हतं.

पुढे २०२४ च्या जुलैपासून ‘लाडकी बहीण’ योजना आली, महिन्याला दीड हजार रुपये. सासूबाईंच्या खात्यात पैसे जमा झाले. निवडणूक तोंडावर होतीच. एका बाजूनं २१०० देऊ म्हटलं, दुसऱ्या बाजूनं ३००० देऊ म्हटलं. मी शिक्षिकेच्या तोऱ्यात म्हणाले, “आई, हा मत विकत घेण्याचाच प्रकार की!” त्या रागावल्या. “तुझ्या आजीच्या बहिणीला मिळत होते ते काय होतं मग?”

मी निरुत्तर झाले. नंतर पुष्कळ विचार केला. आता माझं मत असं झालं आहे: आदल्या रात्री पाकिटातून येतो तो पैसा लाचेचा. सरकारी तिजोरीतून, नियमानं, सगळ्या पात्र बायकांना मिळतो तो आपलाच कराचा पैसा. तो घ्यावा, बिनदिक्कत घ्यावा. त्याबद्दल कृतज्ञता वाटली तर तीही खोटी नव्हे. पण तो घेतला म्हणून मत बांधलं गेलं असं मात्र नाही. तो देताना दुसरं काय राहून गेलं, हे विचारायचा हक्क आपण त्यात विकलेला नसतो. आजीनं बहिणीच्या घासासाठी मत बदललं. सासूबाईंनी काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

राहिले दादा. तेच मला जास्त लागलं. जून २०२२ मध्ये त्यांचा पक्ष फुटला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एका गटाला दिला, दुसऱ्याच्या हाती मशाल आली. २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादीतही तेच झालं. एकीकडे घड्याळ, दुसरीकडे तुतारी. दादांनी तीस वर्षं सतरंज्या घातल्या, पोस्टरं चिकटवली, त्यासाठी बापाशी अबोला धरला. आणि आता ते मला फोनवर विचारत होते, “बाळा, आता मी कुणाचा?” काय सांगणार? कोण बरोबर, कोण चूक, यावर आमच्या घरातच चार मतं आहेत. पण ज्या माणसानं एका चित्राकडे बघून अर्धं आयुष्य काढलं, त्याच्या हातून ते चित्रच निसटलं होतं.

आमच्या लोकसभा मतदारसंघाचंच पाहा ना. २०१४, २०१९ आणि २०२४, तिन्ही वेळा मुख्य उमेदवार तेच दोघे, अनंत गीते आणि सुनील तटकरे. पण २०१९ ला भाजप गीत्यांच्या बाजूला होता आणि काँग्रेस तटकऱ्यांच्या. २०२४ ला बरोबर उलट! म्हणजे मतदार जागचा हलला नाही तरी पायाखालची सतरंजी फिरली. ‘मी कधी पक्ष बदलला नाही’ असं म्हणणाऱ्यानं पक्ष बदलला की नाही, हे आता सांगायचं कसं?

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. आईचा फोन आला, “हे येत नाही म्हणतात.” सत्तेचाळीस वर्षांत न घडलेली गोष्ट! मी सकाळीच मत देऊन एस.टी. धरली आणि अलिबाग गाठलं. दादा ओटीवर बसले होते, आजोबांच्या जागी. मी म्हटलं, “दादा, कुणाला द्या म्हणत नाही. नुसतं चला. कुणीच नको असेल तर त्याचंही बटण आहे, २०१३ पासून.” ते उठले. शाळेच्या आवारात मी झाडाखाली थांबले. त्यांना आत बराच वेळ लागला. बाहेर आले, बोटाची शाई फुंकली आणि म्हणाले, “आज पहिल्यांदा सगळी नावं वाचली. वरपासून खालपर्यंत.”

एवढंच. पण मला वाटलं, दादांचं पहिलं मत आजच झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर त्या मुलीला मी काय उत्तर दिलं, असं तुम्ही विचाराल. मी म्हटलं, “आमदार आपल्या मतांवर निवडून येतो. त्याच्याजवळ आपली ठेव असते. ती घेऊन तो न विचारता दुसरीकडे गेला तर जाब विचारायलाच हवा. म्हणून १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला, २००३ ला आणखी कडक केला, तरी पळवाटा राहिल्याच. पण मतदाराजवळ दुसऱ्या कुणाची ठेव नसते. मत त्याचं स्वतःचं. ते पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून ठरवायचं, यासाठीच तर निवडणूक असते. ज्याला मत बदलता येत नाही त्याची कुणाला भीती नसते, आणि ज्याची भीती नाही त्याच्या दारात पाणी येत नाही.”

ती म्हणाली, “मग बाई, दर वेळी बदलायचंच का?” पोर हुशार आहे!

नाही, दर वेळी बदलायचंच असंही नाही. तेच ते मत पुन्हा द्यावंसं वाटलं तर जरूर द्यावं, पण हिशेब बघून. मी आता घरखर्चाच्या वहीत मागची चार पानं त्यासाठी ठेवली आहेत. प्रत्येक पक्षाला एक पान. डावीकडे काय बोलले, उजवीकडे काय केलं, तारखेसकट. कुठल्याच पक्षाचं पान कोरं राहत नाही, आणि कुठल्याच पानावर नुसती जमा नाही. आणीबाणी ज्या पानावर आहे त्याच पानावर रोजगार हमीही आहे. शौचालयं आणि गॅसच्या शेगड्या ज्या पानावर आहेत त्याच पानावर २०१६ च्या नोव्हेंबरातली ती रात्रही आहे, जेव्हा सासूबाईंनी डाळीच्या डब्यातून जपून ठेवलेल्या पाचशेच्या नोटा सगळ्यांदेखत बाहेर काढल्या. चार ओळी लिहायला महिन्याला दहा मिनिटं लागतात. उमेदवारानं दाखल केलेलं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाकडे उघड पाहता येतं, तेही वाचावं. मोबाइलवर आलेलं लगेच वहीत उतरवू नये, दोन वर्तमानपत्रांत दिसलं तरच लिहावं. आणि घरात वाद झाला तर तो ताट उचलण्यापर्यंत नेऊ नये. झेंडे बदलतात हो, पण माणसं परत मिळत नाहीत. आजोबा आणि दादा पुढे बोलू लागले, पण ते दीड वर्ष काही परत आलं नाही.

माझी वही अजून पातळच आहे. पुढच्या निवडणुकीला मी ती घेऊन ओटीवर बसणार आहे, दादांच्या शेजारी. ‘उद्या सगळ्यांनी अमक्यावर’ असं मात्र कुणीच म्हणायचं नाही, एवढं आमचं ठरलं आहे.